आईने न घेतलेला घास

आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी काळ्या मनुका उकळायच्या. आई त्या आदल्या दिवशीच भिजत घालायची आणि शनिवारी दवाखान्यातून परतली की पांढरी साडीही न बदलता स्टोव्हला पंप मारायला बसायची. सकाळी त्याच स्टोव्हवर तिने इंजेक्शनच्या सुया उकळलेल्या असायच्या, त्यामुळे रॉकेल, स्पिरिट आणि मनुका असा तिहेरी वास आमच्या दोन्ही खोल्यांत भरून राहायचा आणि शेजारच्या बायका नाकाला पदर लावून विचारायच्या, ‘नर्सबाई, आज काय शिजवताय?’ मनुका फुगून फुटायला लागल्या की आई त्या रवीने घोटायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि तो गडद रस बाटलीत भरून ठेवायची. तोवर पप्पा पाव घेऊन बसलेले असायचे. पावाच्या कडा सुरीने काढायच्या आणि मधल्या पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराएवढे चौकोन करायचे, हे त्यांचं काम. ते इतकं सावकाश आणि इतक्या धसक्याने करायचे की एखादा चौकोन वाकडा झाला तर वरून जाब विचारला जाईल असं पाहणाऱ्याला वाटावं. काढलेल्या कडा माझ्या वाट्याला यायच्या. दुसऱ्या दिवशी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तेच तुकडे आणि तोच रस प्रभुभोजन म्हणून फिरायचा. प्रभूने मरणाआधी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण. आधी मनातल्या मनात पाप कबूल करायचं, मग तुकडा तोंडात घालायचा, मग घोटभर रस. सगळी मंडळी घ्यायची. फक्त माझी आई घ्यायची नाही.

पनवेलची आमची मंडळी लहानशीच होती. बहुतेक घरं आमच्यासारखी नगरकडून नोकरीसाठी आलेली. कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी कारकून. बाजारात भेटलो तरी एकमेकांना ‘सलाम’ म्हणायचो आणि आसपासचे लोक बघत राहायचे. उपासनेत पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रार्थना म्हणायचे आणि मग बायकांच्या बाजूला ताट बाकावरून सरकत यायचं. आई ते डावीकडून घ्यायची आणि उजवीकडच्या बाईच्या हातात द्यायची, बसमध्ये मागच्याचे पैसे कंडक्टरकडे पुढे करावेत तसं. चेहऱ्यावर काही नाही. मी तिच्या शेजारी बसायचे. मला अजून प्रभुभोजन घेण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की आई माझ्या सोबतीसाठी घेत नाही, आणि मला तिचं फार कौतुक वाटायचं. थोडी मोठी झाल्यावर वाटायला लागलं की नर्सांना चालत नसेल. मग एका रविवारी मागच्या बाकावरच्या बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, ‘काहीतरी असणार. उगाच कोण सोडेल?’ काहीतरी म्हणजे पाप, एवढं तोपर्यंत मला कळायला लागलं होतं.

पाप म्हणजे काय हे आम्हाला रविवारच्या शाळेत कापडाच्या तुकड्यांवर शिकवत. बाई एका फळ्यावर काळ्या कापडाचं हृदय चिकटवायच्या. हे आपलं हृदय, जन्मतःच असं काळं, आदामापासून वारशाने आलेलं. मग त्यावर लाल तुकडा, हे प्रभूचं रक्त. मग पांढरं हृदय. पांढऱ्यापर्यंत पोचण्याआधीच तासाची घंटा व्हायची, त्यामुळे आम्ही बहुतेक वेळा काळ्यावरच घरी जायचो. मी तशी मन लावून विश्वास ठेवणारी मुलगी होते. शेजाऱ्यांकडे बारसं असलं की पाळण्यात वाकून बाळाच्या छातीकडे बघायचे, काही दिसतं का ते. पाप आणि मरण ही दोन नावं आमच्याकडे जोडीनेच यायची, आणि त्यांच्या मागून नरक. आज नातवंडांना ही हकिकत सांगितली की ती हसतात. मीही हसते, पण त्या काळ्या कापडाची कड कशी उसवलेली होती हे मला अजून दिसतं.

मरणाला खरे घाबरायचे ते पप्पा. कचेरीत कारकून होते, देवळात वडील म्हणजे मंडळीचे पंच होते, आवाज इतका चांगला की नाताळात त्यांच्याशिवाय गीत सुरू व्हायचं नाही; पण रस्त्याने तिरडी जाताना दिसली की ते उलट्या गल्लीत वळायचे. जेवता जेवता मधेच डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून नाडी बघायचे. आई बघून न बघितल्यासारखं करायची. कधी फारच झालं तर म्हणायची, ‘चालू आहे, भात घ्या.’ दोघांमध्ये भांडण असं मी कधी ऐकलं नाही. भांडायला जेवढं बोलावं लागतं तेवढं ते बोलतच नव्हते. रॉकेल संपलंय, बेबीची फी भरायची आहे, शनिवारी पाव आणा, बस्. बेबी म्हणजे मी. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

आईची नोकरी गावागावांतून फिरण्याची होती. कोन, सुकापूर, कधी खाडीकडची गावं; हातात पत्र्याची पेटी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्या गावांतून ती काही ना काही घेऊन यायची, कारण बाळंतपणानंतर कुणी तिला रिकाम्या हाताने सोडायचं नाही. वाल, तांदळाचं पीठ, सुकट. नगरची बाजरी विसरून ती तांदळाची भाकरी थापायला शिकली ती त्या बायकांच्या चुलीपाशी बसून. गव्हाणची मथुराबाय तर आमच्या घरची असल्यासारखीच. ती त्या गावची सुईण. आई एके काळी गव्हाणला नेमणुकीवर होती तेव्हापासूनची त्यांची ओळख. पनवेलच्या बाजाराला आली की टोपलीतून बांधलेल्या चिंबोऱ्या घेऊन आमच्याकडे यायची, स्वतःच पाटा ओढून वाटण वाटायला बसायची आणि आईला दटावायची, ‘तुमी नुसती सुई टोचाला शिकलाव नर्सबाय, कालवन नाय आला तुमाला अजून.’ आई हसायची. मथुराबायपुढे आई जेवढी हसायची तेवढी मी तिला दुसऱ्या कुणापुढे हसताना पाहिलेली नाही.

मी मॅट्रिकची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात आई आजारी पडली. पोटात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात उघडून पाहिली आणि तशीच शिवून घरी पाठवली. आईला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिने स्वतःचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, ‘आंब्यांपर्यंत काढेन.’ मी या गोष्टीवर रडले असेन असं कुणालाही वाटेल. नाही रडले. मला काही वाटतच नव्हतं. भांडी घासायचे, पेज करायचे, तिला कुशीवर वळवायचे, चादर बदलायचे, आणि हे सगळं करणारी मुलगी दुसरीच कुणीतरी आहे आणि मी तिला लांबून बघते आहे असं वाटायचं. इंजेक्शन दिल्यावर दाढेचा भाग जसा आपला राहत नाही, तशी मी सबंधच झाले होते. पप्पा आईच्या खोलीत येत नव्हते. दारापर्यंत यायचे, ‘झोपली का?’ विचारायचे आणि देवळाची झाडलोट करायला निघून जायचे. देऊळ त्या महिन्यात जितकं स्वच्छ होतं तितकं कधी नसेल.

त्या सगळ्या बधिरपणात एकच गोष्ट टोचत होती. आई प्रभुभोजन न घेता मेली तर कुठे जाईल, हे मला माहीत होतं. म्हणजे तेव्हा माहीत आहे असं वाटत होतं. मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या, डोळे पुसायच्या आणि जाता जाता माझ्या दंडाला धरून कुजबुजायच्या, ‘बेबी, तू सांग तिला, तुझं ऐकेल. पाळकसाहेब घरी येऊन देतील. वेळ जायच्या आत.’ मला त्यांचा राग आला नाही. त्यांना खरंच आईची काळजी होती. शेवटी एका दुपारी, पेज भरवून झाल्यावर, आईचे पाय चेपता चेपता मी विषय काढला.

‘आई, रविवारी पाळकसाहेबांना घरी बोलवायचं का?’

‘कशाला?’

‘घे ना एकदा. माझ्यासाठी घे.’

‘तुझ्यासाठी मी औषध घेते तेवढं पुरे.’

‘पण तू तशीच गेलीस तर...’ पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

‘म्हण की,’ आई म्हणाली. ‘म्हटल्याने मला ताप चढणार नाही.’

मी म्हटला नाही. आईने पाय जवळ घेतले, उशी पाठीमागे सरकवायला लावली आणि सरळ बसली. मला वाटलं होतं ती चिडेल. ती रुग्णाच्या नातेवाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणाली, ‘तुला एक भाऊ होता, बेबी.’

तो गव्हाणला झाला. मी तेव्हा चार वर्षांची, नगरला आजीकडे होते. आई एका खोलीच्या दवाखान्यात राहून नोकरी करत होती. दिवस भरायच्या आधीच पहाटे कळा सुरू झाल्या. मथुराबायने सोडवलं. मूल एवढंसं, निळसर, श्वास घेताना कण्हणारं. आई नर्स, तिने एकदा पाहिलं आणि ओळखलं की हे दुपार बघणार नाही. पप्पा तिथेच होते. आमच्या मंडळीत बाळ तान्हं असतानाच बाप्तिस्मा देतात. बाळ जाणार असं दिसलं तर पाळकाची वाट बघावी लागत नाही. बाप्तिस्मा झालेल्या कुणीही डोक्यावर तीन वेळा पाणी घालून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घ्यावं, ते चालतं, देवापुढे ते पक्कं. आईने पप्पांना तेच सांगितलं. ‘मी म्हटलं, भांडं समोर आहे, पाणी घ्या, घाला. मीच घातलं असतं गं, पण माझं रक्त थांबत नव्हतं, हात उचलत नव्हता. तर म्हणतात, मी कोण? माझ्या पापी हातांनी कसं? पाळकसाहेबांना घेऊन येतो. आणि पळाले.’

गव्हाणहून पनवेलला यायला तेव्हा धड वाहन नव्हतं. पप्पा चालले, मग कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसले. पाळकसाहेब जेवत होते. ताटावरून उठून आले, हेही आईने सांगितलं, वगळलं नाही. ते पोचले तेव्हा मथुराबाय बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती आणि बाळ गेलेलं होतं. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून आमच्या कबरस्थानात जागा नाही, आणि मातीवर प्रार्थनाही नाही. आदामाचं पाप धुतलं गेलं नव्हतं. ‘ते रडले,’ आई म्हणाली. ‘माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले पाळकसाहेब. म्हणाले, नियम मी केलेला नाही. पण नाही म्हणजे नाहीच म्हणाले.’

तेव्हा मथुराबाय बोलली. तिला हे सगळं नियमांचं बोलणं कळलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की या लोकांकडे या लेकरासाठी जागा नाही. त्यांच्या गावात दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. तिने विचारलं, ‘याला कसला पाप? दात तरी आलंत का याला? आमी असा बाल जालित नाय. आग लागते ती मोठ्या मानसाला. याला नुसता भुईत ठेवाचा, आयच्या कुशीत ठेवतात तसा.’ आणि तिने आपल्या लुगड्याचं फडकं फाडून बाळ गुंडाळलं. ती आणि पप्पा त्याला खाडीच्या बांधाकडे घेऊन गेले. पाळकसाहेब दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिले. पप्पा परत आले ते पायाला चिखल घेऊन, आणि त्या दिवसाबद्दल त्यांनी आईपाशी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

‘आता तूच सांग,’ आई म्हणाली. ‘त्या ताटावर त्याला जागा नाही, मग मला कशी? आधी पाप कबूल करा म्हणतात. माझी पुष्कळ आहेत, मी रोज करते. पण त्यांच्या हिशेबात त्या पोराचंही आहे, आणि ते मी कबूल करणार नाही. इतकी मुलं माझ्या हातावर आली बेबी, पहिला हात माझाच लागला. ओली असतात, भुकेली असतात. दुसरं काही नसतं त्यांच्यात.’

हे ऐकून माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? म्हणजे नरकात आता दोघं. खरंच, मी बसल्या बसल्या अगदी कोरडेपणाने तेवढंच मोजलं. मग उठून पेजेची वाटी विसळली. विसळताना लक्षात आलं की आईच्या आवाजात भीती नव्हती. राग होता, जुना, घट्ट बसलेला. पण भीती नव्हती. आमच्या घरात मरणाला टेकलेलं माणूस एकटंच निवांत होतं आणि धडधाकट माणसं नाडी बघत हिंडत होती.

तिने तो घास शेवटपर्यंत घेतला नाही, हे या प्रकरणाच्या नावावरूनच कळलं असेल, तेव्हा लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी आज तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा पुष्कळ मोठी आहे. देवळात जाते, प्रभुभोजन घेते. हल्ली रस बाटलीबंद येतो आणि पावाऐवजी छापाच्या पातळ चकत्या असतात. त्यांना काही चव नसते. पाप आहे, हे मी मानते. इतक्या माणसांना ओळखत असल्यावर ते न मानून कसं चालेल? पण ते माणूस करतो तेव्हा होतं. नाळेबरोबर येत नाही. एवढंसं वाक्य लिहायला मला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं, आणि अजूनही ते लिहिताना दार लोटलेलं आहे ना हे मी बघून घेतलं. मरणाचं म्हणाल तर डॉक्टरांनी मला आता जिना चढायला मनाई केली आहे, त्यामुळे तो विषय जवळचा झाला आहे. भीती वाटत नाही. मात्र हे न वाटणं म्हणजे विश्वास, की त्या उन्हाळ्यातला बधिरपणाच अजून उतरलेला नाही, हे मला ठरवता येत नाही. गव्हाणचा तो बांध शोधायला मी मध्यंतरी गेले होते. तिकडे सगळा भराव झाला आहे, उलव्याच्या इमारती उठल्या आहेत, वरून विमानं जातात. रिक्षावाल्याने विचारलं, ‘आजी, नेमका कुठला टॉवर?’ मी म्हटलं, चल परत.

तर त्या उन्हाळ्यातला तो रविवार. आदल्या दिवशी मनुका मी उकळल्या होत्या, आई खाटेवरून सांगत होती तशा. मंडळीतल्या बायकांनी माझी वाट न बघता पाळकसाहेबांना परस्पर सांगून टाकलं होतं, आणि उपासना आटोपल्यावर ते निघाले आहेत असा निरोप घेऊन एक मुलगी धावत आली. घरात तेव्हा मथुराबाय होती. आई आजारी पडल्यापासून ती दर आठवड्याला यायची आणि खाटेजवळ जमिनीवर पाय पसरून बसायची. मी आईला सांगितलं, पाळकसाहेब येताहेत.

‘त्यांना चहा दे,’ आई म्हणाली. ‘बसू दे. प्रार्थना करायची असेल तर करू दे. ते ताट मात्र घरात आणायचं नाही. मला आता नाही म्हणायचाही कंटाळा आलाय. तू म्हण.’

मी दारात जाऊन उभी राहिले. ऊन चांगलंच चढलं होतं. पाळकसाहेब म्हातारे झाले होते. प्रभुभोजनाची काळी बॅग पप्पांनी धरली होती आणि पाळकसाहेबांनी पप्पांच्या खांद्याला धरलं होतं. पायरीपाशी आल्यावर त्यांनी बॅग आपल्याकडे घेतली. मी सलाम केला आणि म्हटलं, ‘आई प्रभुभोजन घेणार नाही म्हणाली. तुम्ही या, बसा, चहा घ्या.’ आवाज माझा मलाच सपाट वाटला. जे मी म्हणत होते त्याने माझी आई नरकात जाणार होती, असं मी अजूनही निम्मं तरी मानत होते, आणि तरी मी ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

‘बेबी,’ ते म्हणाले, ‘वेळ किती थोडा आहे, कळतंय ना तुला?’

‘हो.’

‘आणि तरी तू मला दारात अडवतेस?’

‘तुम्हाला नाही. ताटाला.’

ते रागावले नाहीत. थकल्यासारखे पप्पांकडे वळले. ‘मनोहर, तू सांग तिला. तू नवरा आहेस, मंडळीचा वडील आहेस.’

पप्पा खालच्या पायरीवर होते. त्यांचा हात सवयीने मनगटावर गेला होता. ते पाळकसाहेबांकडे न बघता म्हणाले, ‘साहेब, खरं तर मीच घ्यायला नको होतं.’

‘काय?’

‘प्रभुभोजन. तिने सोडलं, पण सोडायला मी हवं होतं. मी इतकी वर्षं खातोय आणि दर वेळी वाटतं, आज घशातच अडकणार.’ त्यांनी मनगट सोडलं. ‘त्या दिवशी बांधावर... तुम्ही ओट्यावर बसला होतात. मथुराबाय खड्डा करत होती. मी खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं. तिन्ही वेळा. सगळे शब्द म्हटले. नाव ठेवलं.’

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ‘मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो, मनोहर.’

‘ठाऊक आहे साहेब. तो जिवंत होता तेव्हा घातलं नाही, आणि मेल्यावर घातलं. दोन्ही पापंच झाली. हे त्याच हातांनी...’ त्यांनी हात पुढे केले आणि काय करायचं ते न कळून परत खाली घेतले.

‘मग बोलला का नाहीस? मला नाही तर निदान तिला?’

‘तिला सांगितलं असतं तर तीही त्या पापात आली असती,’ पप्पा म्हणाले. ‘म्हटलं, मी एकटाच जाईन.’

मी दाराच्या चौकटीला धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाताला काहीतरी लागतंय असं मला वाटलं. चौकट तापलेली होती. या माणसाला मी घाबरट समजत आले होते, आणि तो घाबरटच होता, यात शंका नाही. पण तो दर महिन्याला पावाचे चौकोन कापत होता ते असं समजून, की हे आपल्यासाठी नाही. आणि आतली बाई त्याच्याशी बोलत नव्हती ती असं समजून, की याने माझं पोर गाठोड्यासारखं नेऊन टाकलं. कसा संसार केला असेल दोघांनी, कोण जाणे.

आतून खाटेचा आवाज आला. आई उठून बसत असावी, कारण मथुराबाय ‘हलू, हलू’ म्हणत होती.

‘अहो,’ आईने हाक मारली. किती तरी वर्षांत तिने पप्पांना अशी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ‘काय नाव ठेवलंत?’

पप्पांनी चपला काढल्या. पाळकसाहेबांच्या बाजूने, माझ्या बाजूने ते आत गेले आणि महिनाभर ज्या उंबऱ्यावरून परत फिरत होते तो ओलांडून खाटेपाशी उभे राहिले.

‘दानिएल,’ ते म्हणाले.

दानिएल हे आईच्या वडिलांचं नाव. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते वारले होते.

‘हां, दानिएल, तेच,’ मथुराबाय म्हणाली. ‘मी व्हते ना तिथं. मना वाटला, तुमाला म्हायती हाय.’

आई कुणाकडेच बघत नव्हती. पाळकसाहेब बॅग छातीशी धरून पायरीवर तसेच उभे होते, आणि त्यांना या म्हणायचं मी विसरले होते. आईने ते नाव तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं. मग पदराने गळा पुसला आणि पप्पांना म्हणाली, ‘मग सांगायचं नाही होय? एवढी वर्षं मी त्याला नुसतं बाळ म्हणतेय.’